खळ धुतलेली घोंगडी

म्हाकाक्काचं माझ्याबद्दल पहिल्यापासून काही बरं मत नव्हतं. मी साताऱ्यात वाढलेला, आणि आटपाडीच्या पुढं, माणगंगेच्या कोरड्या काठावरच्या एका खेड्यात हायस्कुलात इंग्रजी शिकवायला जाऊन पडलो होतो. पहिल्याच हिवाळ्यात मी तिच्याकडं घोंगडं मागायला गेलो आणि शहाणपणा करून म्हणालो, जरा मऊ बघून द्या. ती दारात उभ्यानं सूत कातत होती. हातातली चाती थांबली. "मऊ पायजे आसंल तर लुगडं पांगरा, मास्तर," असं म्हणून ती आत निघून गेली. घोंगडं मिळालं ते दीड महिन्यानं, तेही तिच्या भावानं आणून टाकलं. ते इतकं ताठ होतं की मी आडवा झालो तरी ते अंगाला टेकेना, तंबूसारखं वरच राहायचं. मी चडफडलो, पण परत द्यायची छाती झाली नाही. पुढं दहा वर्षं तेच पांघरलं.

या ताठपणाची गोष्ट सांगितल्याशिवाय म्हाकाक्का कळणार नाही. आमच्या भागातलं घोंगडं मेंढीच्या काळ्या लोकरीचं. बायका सूत कातायच्या, पुरुष मागावर विणायचे, आणि विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून जी चिकट पेज होते ती खळ. ती कुंच्यानं घोंगड्यावर ओढून उन्हात वाळवली की घोंगडं पत्र्यासारखं कडक होतं. काटे टोचत नाहीत, वारा आत शिरत नाही. म्हाकाक्का प्रत्येक नवं घोंगडं दुमडून जमिनीवर उभं करून बघायची. उभं राहिलं तर पास. कलंडलं तर विणणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची.

तिच्याकडं कसलंही पद नव्हतं. घोंगडीवाल्यांची सोसायटी होती, तिला चेअरमन होता, आणि तो चेअरमन काही ठरवायचं झालं की धोतर सावरत तिच्या दारात यायचा. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पण ओढा ओलांडला की सातारा जिल्हा लागायचा. ओढ्याच्या दोन्ही अंगाच्या मागवाल्यांना तिचा धाक होता. नवरा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. ही घरी, थोरल्या भावाच्या शेजारी. भाऊ बिरा, त्याला सगळे आण्णा म्हणत, हा त्या भागातला सगळ्यांत नामांकित विणकर. त्याच्या हातचं घोंगडं लग्नात आहेर म्हणून मागून नेत.

चातीशिवाय मी तिला फारसं पाहिलं नाही. चालताना, बोलताना, पावण्याची चौकशी करताना, हात चाललेला. रागावली की चाती थांबायची आणि समोरचा एक पाऊल मागं सरायचा. एकदा एका घरानं मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरची लोकर सुतात मिसळली. ती लोकर स्वस्त पडते आणि लवकर तुटते. म्हाकाक्कानं धागा बोटांत चोळला, नाकाला लावला, सुताची सगळी गुंडी उचलून त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मेंढरांची पुढची कातरण येईपर्यंत त्या घराशी बोलली नाही. त्या घरच्या बाईनं चार वेळा येऊन पाय धरले. चारही वेळा हिनं चहा दिला, पण अबोला सोडला नाही. मला हा जुलूम वाटायचा, आणि तसं मी तोंडावर म्हणालोही होतो. ती म्हणाली, तुमी पोरास्नी नापास करता ते काय हाय मग?

एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानातून माणसं जीव मुठीत धरून आपल्या देशात येत होती. लाखांनी. शाळेत एक दिवस शिळा होऊन पेपर यायचा, त्यात रोज तेच फोटो: चिखल, छत्र्या, डोक्यावर गाठोडी. इतक्या माणसांना पोसणं एकट्या आपल्या देशाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून बाहेरच्या देशांतून मदत येत होती. तंबू, औषधं, दुधाची पावडर. अशाच एका परदेशी मदत संस्थेचं पुण्यात ऑफिस होतं. त्यांना थंडीच्या आत पांघरुणं हवी होती, आणि गिरण्या लष्कराच्या कामात गुंतलेल्या. कुणीतरी त्यांना आमच्या भागाचं नाव सांगितलं, आणि भाद्रपदात एक जीप धुरळा उडवत गावात आली.

साहेब उंच, लालबुंद, घामानं निथळत होता, पण माणूस मोकळा. घोंगड्यावर मांडी घालून बसला. गावात इंग्रजी बोलणारा मी एकटा, आणि माझंही इंग्रजी पुस्तकातलं, त्यामुळं दुभाष्याचं काम माझ्याकडं आलं. साहेबानं किती देता, कधी देता ते विचारलं. म्हाकाक्कानं एकच प्रश्न केला, तिकडं थंडी कधी पडते. दिवाळीनंतर, साहेब म्हणाला. मग तिनं सांगून टाकलं, निम्मी दसऱ्याला, निम्मी कार्तिकात. त्या साली आमच्याकडं पाऊस पडलाच नव्हता. मेंढरं खंगली होती, आणि या कामाची गावाला गरज किती होती ते मला ठाऊक होतं. साहेबापुढं तिनं त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

जीप गेली आणि तिनं मागवाल्यांना बोलावलं. ती माणसं घरदार सोडून आलीत, त्यांना हलकं घोंगडं गेलं तर आपल्या तोंडात शेण, असं तिचं म्हणणं. नेहमी खळीचा एक हात देतात, यांना दोन हात द्यायचे ठरले. पंचक्रोशीत चिंचोका उरला नाही. ज्या त्या दारात बायका खळ वाटताना दिसायच्या. म्हाकाक्का सकाळपासून घोंगडी उभी करून बघत हिंडायची, आणि त्यातलं एकही कलंडलं नाही. दसरा झाला, पहिला माल ट्रकनं मिरजेला आणि तिथून रेल्वेनं गेला. सोबत मी साहेबाला पत्र लिहिलं, त्यात 'आमच्याकडचं सर्वोत्तम' असं इंग्रजीत दोनदा लिहिलं. चूक करताना आमची सगळ्यांची मान अशी ताठ होती.

दिवाळी झाली आणि साहेबाचं पत्र आलं. ते मी शाळेच्या ओसरीत उभ्यानं तीनदा वाचलं. छावणीत माणसं ओल्या जमिनीवर झोपतात. तंबू गळतात, सकाळी धुकं असतं, ऊन दिसत नाही. पंधरा दिवसांत घोंगड्यांवर पांढरी बुरशी चढली. ती चिकट झाली, वास मारायला लागली, खळीच्या वासानं उंदीर आले. माणसं ती तंबूबाहेर टाकताहेत, डॉक्टरांनी काही जाळायला लावली. तेव्हा उरलेला माल कृपया पाठवू नये. पत्र इतकं सभ्य होतं की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

वाचून दाखवताना मी मधलं जाळण्याचं वाक्य गाळायच्या बेतात होतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "सगळं वाचा, मास्तर. गाळू नगा." मी वाचलं.

मग जो तो बोलायला लागला. कुणी रेल्वेला नावं ठेवली, कुणी साहेबाला. त्या लोकांना घोंगडं वापरायची अक्कल नाही, असंही एक जण म्हणाला. एक जण तर माझ्या इंग्रजीवर घसरला, मग मीही खवळलो आणि खोटं कशाला सांगू, चांगला आवाज चढवला. म्हाकाक्का भिंतीला टेकून उभी होती. चाती थांबलेली. सगळे दमल्यावर तिनं मला विचारलं, "ती मानसं कशावर झोपत्यात, ह्ये आपुन साहेबाला इचारलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"कुनीच न्हाई इचारलं. मी थंडीचं इचारलं, ओलीचं न्हाई. हितं ओल हाय कुठं, म्हंजी माज्या डोक्यात यावी?" तिनं चाती कमरेला खोचली. "चुकी माजी हाय. दोन हात मीच द्याय लावलं. लिवा साहेबाला, माल थांबवू नगा. खळ धुऊन देतो म्हनावं."

दुसरा निम्मा माल विणून, खळ देऊन, घराघरांत रचून तयार होता. तिकडं थंडी पडायला लागली होती आणि पांघरुणं उंदरांच्या तोंडी. आणि धुवायचं म्हणजे काय सांगू! खळ काढलेलं घोंगडं आमच्याकडं घोंगडंच नव्हे. बिरा आण्णा उठून उभा राहिला. एरवी शांत माणूस. माझ्या हातचं घोंगडं मी नागवं धाडणार नाही, फडकं विणणारा म्हणून माझं नाव तिकडं जायला नको, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. म्हाकाक्का भावाला कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"आण्णा, तुजं नाव तू पांगर. ती मानसं काय पांगरतील?"

तो तडक घरी गेला. दोन दिवस त्यानं बहिणीच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपल्या घरातली सगळी थप्पी खांद्यावरून बाहेर आणली आणि ट्रकमध्ये टाकली. 

ट्रक अशासाठी, की गावात धुवायला पाणीच नव्हतं. विहिरींनी तळ गाठलेला, नदीत नुसती वाळू. पाणी होतं ते कृष्णेला, दीड दिसाच्या चालीवर, उसाच्या मुलखात. चेअरमननं दोन ट्रक मिळवले. वर घोंगडी, त्यावर बायका, आणि मी ड्रायव्हरशेजारी. मी रजा काढून का गेलो हे हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा समाजकार्य असं सांगितलं. खरं म्हणजे म्हाकाक्का म्हणाली होती, तुमी बी चला, आणि नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

काठावर गठ्ठे उतरवतोय तोच तिथले पाटील चार माणसं घेऊन आले. हिरव्या उसाच्या गावात काळी, उग्र वासाची घोंगडी आणि मेंढरांकडची माणसं बघून त्यांच्या कपाळावर आधीच आठ्या चढलेल्या. आमच्या प्यायच्या पाण्यात ही घाण धुवायची नाही, चालतं व्हा, असं त्यांनी सुनावलं. मी पुढं होऊन परदेशी संस्था, मानवता वगैरे सुरू करणार, तेवढ्यात म्हाकाक्कानं मला हातानं मागं सारलं.

"तुमचं बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी पानी कुठं भरता, जनावरं कुठं धुता, ते दावा. त्येच्या खाली आमी बसतो."

पाटील भांडायच्या तयारीनं आलेले. समोरून भांडणच नाही म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली. त्यांनी स्वतः चालत नेऊन जागा दाखवली, जनावरांच्या उतारापासून चांगली खाली. परत फिरताना विचारलं, एवढी घोंगडी धुता कशाला? तिनं सांगितलं, आमची खळ कशी चुकली तेही सांगितलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि गावाकडं वळले.

पहिलं काम तिनं केलं ते म्हणजे एक घोंगडं धुऊन ओल्या वाळूत पुरून ठेवलं. मग पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात बायका ओळीनं उभ्या राहून घोंगडी तुडवायच्या, पिळायच्या, पुन्हा तुडवायच्या. पाण्यावर खळीचा बुळबुळीत तवंग धरायचा. खळ गेली की नाही हे बघायची म्हाकाक्काची रीत म्हणजे घोंगड्याचा कोपरा जिभेला लावायचा. चिकट लागलं की पुन्हा पाण्यात. चार दिवसांत तिनं किती घोंगडी चाटली ते देव जाणे. तिची जीभ काळी झाली होती आणि त्यावरून तिला कुणी चिडवलं तर तिला तेही चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई दहाबारा बायका आणि भाकरीची दुरडी घेऊन आल्या, लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरल्या. थोड्या वेळानं त्या म्हाकाक्काला म्हणाल्या, "आमचा थोरला तिकडंच हाय, पल्टनीत. म्हयना झाला, पत्र न्हाई." म्हाकाक्का सरकली, आपल्या शेजारी त्यांना जागा केली आणि घोंगड्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघी दिवसभर एकत्र पिळत होत्या.

बिरा आण्णाही दुपारी आला. एवढी वाट चालत, एकटा. चौथ्या दिवशी वाळवंट काळ्या घोंगड्यांनी भरलेलं असताना त्यानं आपलं एक उचललं आणि सवयीनं दुमडून उभं करायला गेला. ते मटकन खाली बसलं. सगळ्या बायका बघत होत्या. त्याचा चेहरा बघवेना मला. म्हाकाक्कानं ते घोंगडं उचललं, भर उन्हात अंगाभोवती गुंडाळलं आणि वाळूतनं इकडून तिकडं चालून आली. घामानं डबडबली होती. "ऊब हाय, आण्णा," ती म्हणाली. मग पुरलेलं घोंगडं उकरून काढलं. ओलं होतं, नदीचा वास येत होता, पण बुरशी नाही, चिकटपणा नाही. आण्णानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, नाकाला लावलं आणि मान डोलावली.

मी सांगलीला जाऊन पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाला, आधी बघेन, मग ठरवेन. तो मिरज स्टेशनात आला. बघितलं, वास घेतला, ओढून बघितलं. आता तो हो म्हणणार की नाही, यावर सगळं. पण त्याच्याआधी म्हाकाक्का बोलायला लागली आणि मला भाषांतर करता करता धाप लागली. जमिनीवर अंथरायला काय आहे? एका तंबूत किती घरं? बायकांना आडोसा आहे का? दिवसा हेच अंगावर घेऊन हिंडतात का? पोरांना लोकर टोचते का? सुकवायला दोरी आहे का? साहेबानं चारपाच उत्तरं दिली आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, बाकीचं मला माहीत नाही.

"मग इचारून या," म्हाकाक्का म्हणाली.

हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचेना. सौम्य करून सांगितलं. साहेब हसला, वही काढली आणि तिचे सगळे प्रश्न मला परत सांगायला लावून लिहून घेतले. घोंगडी मालगाडीच्या वाघिणीत चढली. जाताना त्यानं तिला हात जोडले, मला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लढाई पेटली. पत्र नाही, तार नाही. लढाई संपली तरी बातमी नाही. म्हाकाक्का शाळेवरून जाताना नुसतं माझ्याकडं बघायची आणि मी मान हलवायचो. आण्णानं त्या हिवाळ्यात मागावर पाय ठेवला नाही. आपलं फडकंही लोकांनी बाहेर टाकलं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मला म्हाकाक्काचीच जास्त काळजी वाटायची. एवढी करारी बाई, पण चाती वरचेवर थांबायला लागली होती.

होळीच्या सुमारास पत्र आलं. घोंगडी वेळेत पोचली होती. ऐन थंडीत आधी म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना दिली. ओली झाली तरी ऊब राहिली. आता माणसं आपल्या देशात परत निघालीत, आणि जाताना छावणीतलं एक पांघरूण न्यायची मुभा होती. बऱ्याच जणांनी काळं घोंगडंच मागून घेतलं.

आण्णा उघडउघड डोळे पुसत होता. म्हाकाक्कानं विचारलं, "ह्ये साहेबाच्या मनाचं हाय का त्यानं त्यास्नी इचारलं व्हतं?"

मी पत्राचं दुसरं पान काढलं. विचारलं होतं. तंबूतंबूत फिरून, तिचे प्रश्न घेऊन, उत्तरंही लिहिली होती. सगळं वाचून झाल्यावर ती फक्त "मग झालं" म्हणाली आणि कातायला लागली. दुसऱ्या दिवशी आण्णाच्या मागाचा आवाज शाळेपर्यंत आला. कृष्णाकाठच्या पाटलांचा मुलगाही परत आला. नंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्या मेंढरांच्या चाऱ्याला दोन गाड्या उसाचं वाडं धाडलं.

वाडं किती दिवस पुरणार! पुढच्या सालीही पाऊस आला नाही आणि सगळा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. म्हाकाक्काही बसली. साताऱ्याला माझी बदली झाली होती, निघायच्या आधी तिला भेटायला मी त्या कामावर गेलो. त्याच दिवशी तिथं एक ट्रक येऊन गेला होता. त्याच साहेबाच्या संस्थेनं दुष्काळी भागासाठी मदत धाडली होती, दुधाच्या पावडरीचे डबे. आणि पाण्याचा टँकर तीन दिवस आला नव्हता. माणसं डब्यांभोवती उभी राहून हसत होती. एकानं मूठभर पावडर फक्की मारल्यासारखी तोंडात टाकली, ती टाळूला चिकटली, त्याला ठसका लागला आणि हसणं आणखी वाढलं. मला मात्र संताप आला. ही काय थट्टा, असं मी जोरात म्हणालो.

म्हाकाक्कानं हातोडा खाली ठेवला. ओठ फुटलेले, पदरावर खडीची पांढरी धूळ. कागद आहे का, तिनं विचारलं. मी खिशातली वही काढून दगडावर बसलो आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. पावडर पोचली. चांगली हाय. पन कालवाय पानी न्हाई. आदी पानी धाडा, मग पावडर. म्होरल्या बारीला इचारून धाडा. आमी रागावलो न्हाई, आमची बी खळ अशीच चुकली व्हती.

मी सगळं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली.

"रागावलो न्हाई, ह्ये पयलं घाला मास्तर. त्यो एवढ्या लांबनं धाडतुया. पयलं वाक्य वाचून त्याची मान खाली जाया नगं."

मी पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. मान वर केली तेव्हा ती आपल्या ढिगाशी जाऊन बसली होती आणि खडी फोडत होती.